फ्लाइट टाइम १.२५

काउंटरवरच्या मुलीने हसतमुखाने सांगितलं, "मॅडम, पुण्याचं विमान दहा पन्नासलाच गेलं," आणि अनघाताईंच्या डोक्यात तिडीक गेली. घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. पहाटे साडेपाचला घाटंजी सोडून, पांढरकवड्याला गाडी बदलून, हायवेवर ट्रकांच्या मागे रांगत त्या नागपूरला आल्या होत्या, त्या काय रिकामं आभाळ बघायला?

"एक पंचवीसचं आहे ते," त्यांनी मोबाइल पुढे केला.

पुण्यातल्या धाकट्या भावाचा, सलीलचा, मेसेज होता. तिकिटाची फाइल ताईंच्या फोनवर उघडेना, म्हणून त्याने कुठल्याशा वेबसाइटवरून उचलून पाठवलेला: नागपूर ते पुणे, हवाई अंतर सुमारे सहाशे वीस किलोमीटर, फ्लाइट टाइम १.२५. खाली, दोन तास आधी पोच. त्या हिशेबाने ताई दहा मिनिटं लवकरच आल्या होत्या.

"हा उडायचा वेळ आहे, मॅडम. एक तास पंचवीस मिनिटं."

पंचायत समितीत तीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढणाऱ्या बाईला हे ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहाशे वीस किलोमीटर दीड तासात, आणि घाटंजीहून इथवर यायला पावणेसहा तास, हे त्या वेबसाइटला कुणी सांगावं?

संध्याकाळी सहाला सलीलच्या मुलीचं बारसं होतं. अकरा वर्षांनी झालेली पोर. त्यांच्या घरात नाव आत्याच निवडते आणि पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'कुर्र' करेपर्यंत बापालाही सांगत नाही. ताईंनी ते नाव महिनाभर पोटात ठेवलं होतं. त्यांनी सलीलला फोन लावला.

"ताई, फ्लाइट टाइम म्हणजे प्रवासाला लागणारा वेळ. साधी गोष्ट आहे."

ती 'साधी गोष्ट' ताईंना झोंबली.

"काहून रे, आपल्या स्टँडवर गाडीचा टाइम विचारला तं काय सांगत? गाडी कवा सुटते तेच ना? यवतमाळले किती वेळात पोचते, हे तू तरी कधी विचारलं होतं का? पुण्यात गेला आन् मले परक्या भाषेत टाइम सांगून राह्यला."

"बरं, माझं चुकलं. पण हॉल ठरलाय, शंभर माणसं येतायत. तू फोनवर नाव सांग. निकिताची मावसबहीण म्हणेल कानात."

ताई खुर्चीत बसल्या. रागाने डोळ्यांत पाणी आलं. मांडीवरच्या पिशवीत बाळासाठी स्वतः शिवलेली कुंची होती. कोण कुठली भावजयीची मावसबहीण, आणि आपण इथे नागपुरात. भावाचा राग येत होता आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"नाही सांगत," त्या म्हणाल्या. "फोनवर सांगायचं असतं तं घाटंजीतूनच सांगितलं असतं."

"मग बारसं कसं करायचं?"

"नावाशिवाय करून पाहा. लोकायले जेवू घाल."

पलीकडे बाळ रडत होतं. निकिता काहीतरी समजावत होती. सलील बोलला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता.

"संध्याकाळी एक विमान आहे, ताई. बुक करतो. आज जेवणं होऊ दे, नाव उद्या सकाळी ठेवू. फ्लाइट टाइम..."

"सलील," ताई म्हणाल्या, "कवा सुटते तेवढंच सांग."