नानांची दावण

पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात. लग्न होऊन सारंगखेड्याला आले त्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरातले मसाल्याचे डबे अक्षरांच्या क्रमाने लावून टाकले. पुढचे चार दिवस जिजी, म्हणजे माझ्या सासूबाई दगूबाई, हळद म्हणून जिऱ्याचा डबा उघडत राहिल्या. पाचव्या दिवशी त्यांनी सगळे डबे होते तिथे नेऊन ठेवले. शहाणं माणूस यातून काहीतरी शिकलं असतं. मी तीन वर्षांनी तीच चूक कॉम्प्युटरवर केली, आणि तीही शेतात घोडे यायच्या आदल्या दिवशी.

आमचं शेत तापीकाठी, घोड्यांच्या जत्रेच्या मैदानाला लागून आहे. दत्तजयंतीच्या आधी ते मोकळं करतात आणि राजस्थान, पंजाब, काठेवाडकडचे जुने व्यापारी आपले घोडे तिथेच बांधतात. कुठला घोडा कुठल्या खुंटाला, हे माझे सासरे ठरवतात. शांतीलाल त्यांचं नाव, पण अख्खं गाव त्यांना नाना म्हणतं. एका नराला दुसरा नर समोर दिसलेला खपत नाही. एखादी घोडी शेजारी कोण आहे ते बघून चारा खाते किंवा टाकते. शिंगरू असलेल्या घोडीला रस्त्याची बाजू नको असते. एका वर्षी पलीकडच्या मैदानात दोन नर एकमेकांवर धावून गेले आणि मध्ये पडलेल्या माणसाचा पाय मोडला, तेव्हाही आमच्या शेतात कोणी कान हलवला नव्हता. नानांच्या दावणीत घोडा भांडत नाही, असं जत्रेत म्हणतात. नाना ते ऐकून मिशीतल्या मिशीत हसतात.

या वर्षी मात्र माझा नवरा भावेश त्यांच्या मागे लागला होता. वय झालं, आता दावण जत्रेच्या कमिटीकडे सोपवा, म्हणत होता. नाना म्हणाले, "औंदा मी करस. काही चुकनं तर पुढला साल देई टाक." त्यामुळे या वर्षी चूक होऊन चालणार नव्हती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

कॉम्प्युटर पुढच्या खोलीत असतो. भावेशनं तो केळीच्या कामांसाठी घेतला होता, पण मोबाइलवर सगळं व्हायला लागलं आणि नानांनी तो हळूच ताब्यात घेतला. कीबोर्डच्या वाटेला ते जात नसत, माऊस तेवढा चालवायचे. त्या दुपारी नाना दाढी करायला गेले होते, भावेश केळीच्या ट्रकपाशी होता आणि जिजी बाहेर ओट्यावर मिरच्यांची देठं काढत होत्या. मी टेबल पुसायला घेतलं, माऊसला धक्का लागला आणि पडदा उजळला.

पडदाभर घोडेच घोडे. व्यापारी नानांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात, ते सगळे डेस्कटॉपवर विखुरलेले होते. कुठे दोन चिकटून, कुठे मध्ये हातभर मोकळी जागा, एक पांढरा घोडा तर बिचारा पार टोकाला एकटा. रिसायकल बिन नेहमीचा कोपरा सोडून भलतीकडेच होता. घोड्यांखाली नावं नव्हती, मोबाइलनं दिलेले लांबलचक आकडे होते. खाली उजव्या कोपऱ्यात मात्र चार माणसांचे फोटो होते आणि त्यांच्याखाली मराठीत नावं होती: हेमांगी, उखा, भावेश, दगू. हेमांगी म्हणजे मी, आणि उखा म्हणजे आमच्याकडे वीस वर्षं काम करणारा गडी.

मला बरं वाटलं. नाना मायाळूच आहेत. गेले सहा महिने ते मला नावानं हाक मारत नाहीत, बेटा म्हणतात. माहेरी शहाद्याला फोन करून मी हे मिरवलंही होतं.

तर अशा मायाळू माणसाचा कॉम्प्युटर आपण आवरून द्यावा, असं माझ्या मनात आलं. बटण दाबलं, नावाप्रमाणे लावा म्हटलं, आपोआप रांगेत ठेवा म्हटलं. झालं. सगळे घोडे शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे ओळीत उभे राहिले. मी दोन पावलं मागे सरून कौतुकानं बघितलंसुद्धा.

नाना आले, खुर्चीत बसले आणि पडद्याकडे बघतच राहिले.

"मन्हा घोडा कोठे गयात?"

"नाना, त्याच शेतस सगळा," सगळे तेच आहेत, असं मी म्हटलं. "मी नुसता नीट लावात."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी एका फोटोवर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग बोट हवेतच राहिलं. "सकाय घोडा येतीन," ते म्हणाले. "उखा खुंटा ठोकी ऱ्हायना."

मी म्हटलं, तुम्हाला तर सगळं तोंडपाठ आहे, तुम्ही सांगा, मी एकेक जागेवर ठेवते.

"हां. सांगस. मंग सांगस," असं म्हणून ते उठले आणि बाहेर जिजींच्या शेजारी जाऊन बसले. जाताना त्यांचा हात दाराच्या चौकटीवर जरा जास्तच वेळ टेकलेला होता.

मागे न्यायचं बटण दाबून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. मग मी शहाद्याच्या मिथुनला फोन लावला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि आमचा कॉम्प्युटर त्यानंच बसवला होता.

"वहिनी, घाबरू नका," तो म्हणाला. "खाली घड्याळापाशी एक निळा चौकोन दिसतो का? आयकॉनच्या जागा लक्षात ठेवणारं बारकं सॉफ्टवेअर आहे ते. सहा वर्षांपूर्वी नानांसाठी मीच टाकलंय. घोडे मनासारखे लावून झाले की ते 'साठवा' दाबतात. तुम्ही यादीतली तारीख निवडा आणि 'परत लावा' म्हणा. त्या तारखेला जे जिथे होतं ते तिथे जाईल. जे तेव्हा नव्हतंच, ते डावीकडे कडेला उभं राहील."

माझा जीव भांड्यात पडला. फोन ठेवता ठेवता मिथुन म्हणाला, "मागच्या महिन्यात नाना दुकानात आले होते. फोटोखाली मराठीत नाव कसं लिहायचं ते वहीत उतरवून घेतलं. मी म्हटलं, घोड्यांचं बारसं करताय का? तर नुसते हसले."

निळा चौकोन उघडला. सगळ्यात वरची तारीख निवडली असती तर एका टिचकीत काम संपलं असतं. पण यादी लांब होती, आणि लांब यादी दिसली की ती पहिल्यापासून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी सगळ्यात खालची, सहा वर्षांपूर्वीची तारीख निवडली.

घोडे सरसर हलले. निम्मे कडेला गेले, उरलेल्यांच्या दोन वाकड्या ओळी झाल्या. वर एक पट्टा पूर्ण रिकामा. रिसायकल बिन डावीकडे, ओळींपासून दूर. हे असं वाकडं कुणी मुद्दाम का लावेल? मी बिनकडे बघत बसले आणि एकदम उठून गच्चीवर पळाले.

गच्चीवरून आमचं शेत पूर्ण दिसतं. वरच्या अंगाला तापीचा पट्टा. खाली उखा दोन ओळींत खुंट ठोकत होता, आणि बांध वळतो तिथे दोन्ही ओळी तशाच वळल्या होत्या. डावीकडे, बरोबर बिनच्या जागी, आमचा उकिरडा. कचरा टाकायची जागा नानांनी कचऱ्याच्या जागीच ठेवली होती! मला इतकं हसू आलं की उखानं वर बघितलं.

खाली येऊन मी एकेक वर्ष लावून बघायला लागले. पांढरा घोडा पहिल्या वर्षी ओळीच्या मधोमध होता, दुसऱ्या वर्षी टोकाला गेला, तो कायमचाच. काय केलं असेल त्यानं? एका तांबड्या घोडीशेजारी तिसऱ्या वर्षी शिंगरू आलं, पुढच्या वर्षी ते दोन खुंट सोडून होतं, त्याच्या पुढच्या वर्षी पार दुसऱ्या ओळीत. दोन काळ्या नरांच्या मध्ये दरवर्षी एक म्हातारी घोडी, मध्यस्थासारखी. ज्या वर्षी जत्राच भरली नाही, त्या वर्षीही नानांनी साठवून ठेवलं होतं. सगळे घोडे कडेला, शेत रिकामं, फक्त उकिरडा जागेवर. तीन वर्षं या घरात राहून नाना रोज एवढा वेळ त्या खुर्चीत काय करतात, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मग या वर्षीच्या तारखा आल्या. आधी दरवर्षी एकच तारीख होती. या वर्षी दिवाळीपासून अकरा.

मला वाटलं, नाना कशात तरी अडले असतील, कुणा नव्या घोड्याची जागा ठरत नसेल. पहिली तारीख लावली, दुसरी लावली, पुन्हा पहिली लावली. घोडे सगळे तिथेच. एकही हलला नव्हता. बदलत होता तो खालचा उजवा कोपरा.

पहिल्या तारखेला तिथे एकच फोटो होता, माझा. खाली नाव, हेमांगी. घोड्यांच्या शेतात मी काय करतेय ते कळेना. चौथ्या तारखेला उखा आला. आठव्या तारखेला भावेश. अकरावी तारीख आजचीच होती, सकाळी सव्वासातची. तिथे दगू होती.

शेताच्या उजव्या कोपऱ्याला आमचं घर येतं. उखाचा फोटो गोठ्याच्या जागी होता, भावेशचा फाटकापाशी, मोटारसायकल लावतो तिथे. जिजींचा ओट्यावर. आणि माझा अगदी मागे, स्वयंपाकघरात. खरं सांगते, आधी मला रागच आला. बी.एस्सी. झालेली बाई मी, आणि मला चुलीपाशी नेऊन ठेवलं!

राग असतानाच मी तारखा पुन्हा वाचल्या. मी या घरात तीन वर्षांपूर्वी आले. उखा वीस वर्षांपूर्वी. भावेश एकतीस वर्षांचा आहे. जिजींच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. जो सगळ्यात शेवटी आला त्याचं नाव सगळ्यात आधी निसटलं होतं, सगळ्यात आधी लिहावं लागलं होतं.

बेटा. मी माहेरी फोन करून मिरवलं होतं. हल्ली नाना उखालाही भाऊ म्हणायचे, आणि परवा जेवताना भावेशला भाऊ म्हणाले तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो, नानाही हसले होते. घोडे त्यांनी सहा वर्षं साठवून ठेवले होते, त्यामुळे घोडे शाबूत होते. माणसं साठवायची राहून गेली होती. दिवाळीपासून ते एकटेच, एका बोटानं, वहीत बघून एकेक अक्षर दाबत आम्हाला गोळा करत होते. आणि आज सकाळी जिजींपर्यंत आले होते.

मी पदरात तोंड खुपसून रडले. बाहेर जिजी नानांना विचारत होत्या, "च्या लेतस का?" आणि नाना हो म्हणत होते, अगदी नेहमीच्या आवाजात.

भावेशला सांगावं लागणार होतं. डॉक्टरकडेही जावं लागणार होतं. पण जत्रा झाल्यावर. जत्रेआधी कुणी काही बोललं असतं तर दावण नानांच्या हातून गेलीच असती, आणि ती तर त्यांना चुकत नव्हती. मी डोळे पुसले, आजची तारीख निवडली, 'परत लावा' दाबलं. घोडे शेतात गेले, आम्ही चौघं घरात आलो. मग पडद्याचा एक मोठा कागद छापून काढला आणि नानांना हाक मारली.

ते येऊन बसले. पडदा बघितला आणि त्यांचे खांदे खाली आले. पांढऱ्या घोड्यावरून त्यांनी बोट फिरवलं. "बराबर शे," ते म्हणाले.

"नाना, सकाय मी बी येस शेतात," मी म्हटलं. "कागद लिसनी तुम्हनाजोडे उभी ऱ्हास."

त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. माझे डोळे लाल झाले होते, तेही त्यांना दिसलं असणार. मग त्यांची नजर पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात गेली, तिथे थांबली, आणि तिथून माझ्याकडे आली.

"ये, हेमांगी," ते म्हणाले. "आते च्या ठेव."

मी स्वयंपाकघरात गेले. चहा ठेवला, सगळ्यांना दिला. नंतर मसाल्याचे डबे एकेक करून काढले, पुसले आणि जिथले तिथे ठेवले. नानांनी नाव लिहून मला जिथे ठेवलं होतं, त्या खोलीतून दिवस मावळेपर्यंत मी बाहेर आले नाही.