सुरयांच्या बेटावरची दुपार

फोटोग्राफर अभयने मागच्या मे महिन्यात सुरय पक्ष्यांची अख्खी वसाहत भाजून काढली आणि तिथल्याच फोटोवर बक्षीसही मिळवलं.

नाथसागर धरणाचं पाणी उतरलं की मधली बेटं उघडी पडतात. तिथं कुत्री-कोल्ही पोचत नाहीत, म्हणून सुरय उघड्या मातीवरच अंडी घालतात. ऊन चढलं की आईबाप पाळीपाळीनं पोट भिजवून येतात आणि अंड्यांवर सावली धरून बसतात. अभय मनासारखा फोटो मिळेपर्यंत दुपारभर तिथं ठाण मांडून राहिला. त्याला भिऊन पक्षी खाली उतरलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गेले, तेव्हा एकही अंडं जिवंत नव्हतं. पुढं शहरात, उस्मानपुऱ्यात त्याचा सत्कार झाला आणि मी मागच्या खुर्चीवर दातओठ खात बसले.

यंदा त्यानं पुन्हा इब्राहीमचाचांकडे होडी मागितली. मीही दर उन्हाळ्यात त्यांच्याच होडीतून पक्षी बघायला जाते, म्हणून चाचांनी मला विचारलं. मी म्हटलं, न्या त्याला, मीही येते. बेटावर उतरवू आणि संध्याकाळपर्यंत फिरकायचंच नाही. भाजू दे त्यालाही. चाचा गालात हसले.

अभय कॅमेरा घेऊन उतरला. टोपी होडीतच विसरला, ती मी मुद्दाम दिली नाही. आम्ही लांब जाऊन थांबलो. थोड्या वेळानं तो डोक्याला रुमाल बांधून हाका मारायला लागला. दुर्बिणीतून मी ते अगदी चवीनं बघत होते. मग दुर्बीण सहज वर गेली. सगळे सुरय त्याच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होते, खाली एकही नव्हता. सूड माझा आणि भाजत होती अंडी. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"चाचा, होडी फिरवा."

"इतक्यात माफ केलं व्हय?" चाचांनी विचारलं.

होडी बेटाला लागली. अभय धडपडत होडीत चढला, घटाघटा पाणी प्यायला. विशाखा, तू मनानं चांगली आहेस, असंही म्हणाला. मी मागे बघत होते. एक सुरय ओल्या पोटानं अंड्यांवर उतरला, मग दुसरा. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

मग मी चाचांना पलीकडच्या खडकाळ बेटाकडे वळायला सांगितलं. तिथं होडी लागली तशी पाण्याची भरलेली बाटली अभयच्या हातात दिली आणि त्याला उतरायला लावलं.

तो इकडंतिकडं बघत राहिला. "इथं तर एकही घरटं नाही."

"म्हणूनच," मी म्हणाले.