डावी बाजू तीन बोटं लांब

यमुनाबाई गेल्या त्या दिवसापासून तेराव्यापर्यंत बिबवेवाडीतल्या त्यांच्या फ्लॅटवर त्र्याऐंशी माणसं भेटून गेली. त्यांतली एकेचाळीस "सुटल्या हो" म्हणाली, एकोणीस "वयच झालं होतं" म्हणाली, आणि जवळजवळ प्रत्येकानं चहाचा कप घेता घेता सुनेच्या डोळ्यांकडे एक नजर टाकून घेतली. उल्काचे डोळे कोरडे होते. ती चहा करत होती आणि माणसं मोजत होती. मनात दुसरं काही येतच नव्हतं.

"रडून घे ग, मोकळी होशील," चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं. उल्का "हो" म्हणाली आणि कप विसळायला गेली.

तिचं तिलाच थोडं नवल वाटायचं. एकतीस वर्षं एका घरात काढली. शेवटची अडीच वर्षं सासूबाईंच्या अंघोळीपासून सगळं तिच्याच हातून झालं. दुःख होत नसेल तर नसो, पण सुटका झाल्याचं बरं तरी वाटावं? तेही नाही. दात काढून आल्यावर गाल कसा दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा लागतो, तसं अंगभर झालं होतं.

महिन्याभरानं कुंदावन्सं आल्या. कुंदावन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची, माधवची, थोरली बहीण, राहायला सहकारनगरात. आईच्या कपाटातून शाल, जपाची माळ, चष्म्याचं घर असं एकेक बाजूला काढून झाल्यावर त्यांच्या हाताला विणकामाची पिशवी लागली.

"हा आईचा कार्डिगन ना ग? अर्धाच राहिला?"

"पाठ झाली, बाह्या झाल्या, पुढची उजवी बाजू झाली. डावी तेवढी राहिलीय."

"मग पुरा कर. मी घालीन. आईनं निवडलेले रंग आहेत, माझ्या अंगावर राहतील. डिसेंबर लागायच्या आत दे म्हणजे झालं."

"देईल की," माधव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. उल्का "हो" म्हणाली. सध्या ती सगळ्यालाच हो म्हणत होती.

कार्डिगनची कल्पना सासूबाईंची. "थंडीत सगळ्या म्हाताऱ्या तपकिरी स्वेटरात बटाट्यासारख्या दिसतात," त्या म्हणाल्या होत्या. "मला माझ्या लुगड्याचा काठ हवा. अंजिरीवर मोतिया रुईफूल." शेजारच्या बिल्डिंगमधली चैताली ट्युनिशियन क्रोशे शिकवायची, तिच्याकडे उल्का नुकतीच जाऊ लागली होती. त्याची सुई विणकामाच्या सुईएवढी लांब, पण टोकाला क्रोशाचा आकडा. जाताना ओळीतले सगळे टाके सुईवर गोळा करायचे, येताना एकेक उतरवत यायचं. काम उलटायचंच नाही. टाका चौकोनी पडतो, त्यामुळे आलेखाच्या कागदावर रंगवलेला काठ जसाच्या तसा उतरतो. बेचाळीस टाके, अठ्ठ्याहत्तर ओळी.

रोज दुपारी दोन ते चार सासूबाई समोरच्या खुर्चीत बसून देखरेख करायच्या.

"हे रुईफूल आहे का समोसा?"

"फूल आहे, आई."

"मग बरोबर चटणी कशाला दिलीस?" चटणी म्हणजे चुकून पुढे आलेला अंजिरी टाका.

उल्का जोरात धागा ओढायची. असे किती टोमणे त्या उजव्या बाजूत विणले गेले होते, ते नुसती वीण पाहून सांगता आलं असतं. चैतालीनं एकदा बोट ठेवून विचारलंही होतं, "काकू, इथे तुमचा हात एकदम घट्ट झालाय. काय झालं होतं?"

"बत्तिसावी ओळ ना? वल्लरीच्या लग्नातल्या आमटीचा विषय निघाला होता." वल्लरी उल्काची मुलगी. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती.

सासूबाईंना डुलकी लागली की पाच-सहा ओळी सैल यायच्या. मग पुन्हा घट्ट.

आता समोरची खुर्ची रिकामी होती. डावी बाजू बारा दिवसांत झाली. चैताली तर बघतच राहिली.

"काकू, काय भारी आलंय! मशीनवर काढल्यासारखं. एक टाका इकडचा तिकडे नाही."

मग तिनं दोन्ही बाजू दिवाणावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि बोटांनी मापून पाहिल्या. टाके तेवढेच, ओळी तेवढ्याच, आणि डावी बाजू तीन बोटं लांब.

"हात सैल सुटला की लांबी वाढते. बाकी सगळं जुन्या हाताचं आहे," ती म्हणाली. "म्हणजे हीच उसवावी लागणार. एक नंबर बारीक सुई घ्या."

उल्कानं उसवली, बारीक सुई घेतली. लांबी जुळली, पण काठ जुळेना. उजवीकडचं रुईफूल कुठे आखडलेलं, कुठे पसरलेलं. डावीकडची फुलं कवायतीला उभी राहिल्यासारखी. बटणं लावायच्या जागी दोन बाजू समोरासमोर आणल्या की फुलाला फूल भेटेना. वन्संचे डोळे अशा बाबतीत फार तीक्ष्ण होते.

पुन्हा उसवली. या वेळी तिनं जुनी सुई घेतली आणि उजवी बाजू मांडीवर ठेवून ओळीओळीनं आठवायला घेतलं. सातवी ओळ, समोसा. चौदावी, "तुझ्या आईनं शिवण शिकवली नाही का?" बोलणं शब्दाशब्दाला आठवलं. राग येईना. हात आपला सपाट चालत राहिला. अठरा ओळी झाल्या आणि मोजून पाहिलं तर अर्धं बोट आत्ताच जास्त.

तेव्हा पहिल्यांदा तिला जराशी भीती वाटली. कार्डिगन राहिला तर वन्सं चार माणसांत बोलतील, ते चालण्यासारखं होतं. पण हा हात आता येणारच नसला तर? मग ते घट्ट टाके कुणा दुसऱ्याच बाईनं घातल्यासारखे होते. आणि ती बाईही सासूबाईंबरोबर गेली म्हणायचं.

नोव्हेंबर संपत आला तशा वन्सं तगाद्याला आल्या. रिकाम्या खुर्चीकडे पाहून थोडं थांबल्या आणि मग तिच्यातच बसल्या. उल्कानं त्या अठराही ओळी सोडवल्या होत्या आणि नव्यानं पहिली घेतली होती.

"हे काय, एवढंच?"

"उसवावं लागलं."

"असू दे. तुझं सगळं सावकाशच. आई म्हणायचीच." वन्संनी चहाचा घोट घेतला. "शेवटी शेवटी तिला मऊ भात हवा असायचा म्हणे. तू फडफडीत करायचीस."

"कोण म्हणे?"

"आईच की. फोनवर सांगायची मला."

उल्काची सुई थांबली. "अडीच वर्षं मऊच भात केला मी, वन्सं. ह्यांना फडफडीत लागतो म्हणून रोज दोन कुकर लावले."

"असेल बाई. ती म्हणायची ते मी सांगितलं."

उल्कानं धागा ओढला. टाका करकचून बसला. पुढचाही तसाच. ओळ गोळा करून ती परत फिरली तेव्हा तिचे कान गरम झाले होते. दोन महिन्यांत शरीराचा जो भाग आपला आहे असं कळलं, तो हा पहिलाच.

"आणखी काय म्हणायच्या?"

"जाऊ दे ना आता. गेलेल्या माणसाचं कशाला?"

"नाही, सांगा."

वन्सं जरा चाचरल्या. पण इतकं हाती असताना गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "म्हणायची, मी गेल्यावर उल्काला काही वाटायचं नाही. चहा करत बसेल."

म्हणणं खरंच होतं. खरं होतं आणि तरी उल्काला त्या म्हातारीचा असा संताप आला, की तिनं ओठ घट्ट मिटले आणि एका दमात तीन ओळी घातल्या. मग काम उजव्या बाजूला लावून पाहिलं. फुलाचं पहिलं टोक फुलाच्या पहिल्या टोकासमोर आलं होतं.

वन्सं पर्स घेऊन उठल्या. "चल, निघते. तुला राग आलेला दिसतोय."

"आलाय," उल्का म्हणाली. "बसा."

"अग, चार वाजले."

"चहा टाकते पुन्हा. तुम्ही फोनवरचं पहिल्यापासून सांगा. अजून चौऱ्याहत्तर ओळी आहेत."

वन्संनी तिच्याकडे नीट पाहिलं, पर्स खाली ठेवली आणि पाय वर घेऊन बसल्या. "कुठून सुरू करू?" त्या म्हणाल्या. "तुमच्या लग्नापासून?"