वेगळंच आहे हं!

पांढऱ्या शर्टांचा गठ्ठा. प्रत्येकाच्या छातीवर एकच वाक्य: ‘वेगळंच आहे हं!’

सांडपाणी केंद्राच्या जाळीत अडकलेला एक फुगलेला गुलाबी मार्शमॅलो. त्याच्यामागे दुसरा.

ट्रेमधला केकचा शेवटचा तुकडा. तो अख्खा उचलणं असभ्य, म्हणून जो तो त्यातला अर्धाच कापून घेतो. नवव्या माणसाच्या वाट्याला आलेला तुकडा मुंगीनंही परत केला असता.

एक मोठं शून्य. त्याला टाळ्या.

*

टाळ्या वाजवत होतं मिनेसोटातलं अख्खं हेरॉन बे, चर्चच्या तळघरात, टोप्या काढून. शून्य झळकत होतं फ्रिजएवढ्या एका यंत्राच्या पडद्यावर. यंत्र होतं ‘नलगट’ नावाच्या पाचजणांच्या कंपनीचं. इंग्रजीत ‘नल’ म्हणजे शून्य, ‘गट’ म्हणजे आतडं. (मराठी माणसानं हे नाव ऐकून आधी नळ शोधला असता.)

कंपनीचा मालक टॅनर व्हिटलो कॅलिफोर्नियाहून आलेला. तळघरात अनवाणी फिरायचा. पृथ्वीशी बोलणं चालू राहतं म्हणे.

“मित्रांनो, आम्ही उष्टं फेकत नाही. आम्ही त्याला निरोप देतो! रेणू न् रेणू मोकळा करतो. धूर नाही, राख नाही, वास नाही. मग उरतं काय?”

“शून्य!” तळघर गरजलं.

“माझा गुडघापण बरा झाला,” म्हातारा एल्डन म्हणाला.

“गुडघा आत घातला होतास?”

“छे रे. नुसता शेजारी उभा राहिलो.”

एका बाईनं तर आपले घटस्फोटाचे कागद यंत्राला भरवले. तेही शून्य. सगळ्यांत जोरात टाळ्या गावच्या प्लंबरच्या, मर्लच्या.

अर्लिस ट्वेट तेवढी हाताची घडी घालून उभी होती. सव्वीस वर्षं ती गावचं सांडपाणी केंद्र चालवत होती. तिथल्या टाकीत गावाची घाण खाऊन पाणी स्वच्छ करणारे जिवाणू असतात. ती त्यांना ‘माझी गुरं’ म्हणायची. यंत्र आल्यापासून तीन आठवडे गुरांना धाप लागली होती. जाळीत चरबी, रस्सा, मार्शमॅलो. आणि आज संध्याकाळी गाव हात वर करून ठरवणार होतं: घराघरांत नलगट बसवायचं, उष्ट्याचं खत करणारं गावचं कंपोस्टचं आवार बंद करायचं. तसं झालं की गुरं मरणार, आणि घाण थेट तळ्यात. त्याच तळ्यात सारं गाव पोहायचं.

पहिल्या दिवशी टॅनरनं तिला विचारलं होतं, “कसं वाटलं?” ती म्हणाली होती, “वेगळंच आहे हं.”

हेरॉन बेमध्ये याहून जहरी शिवी नाही. करपलेल्या भाजीला किंवा नको असलेल्या जावयालाच ती देतात. टॅनरला मात्र ती शाबासकी वाटली, आणि त्यानं शर्ट छापून गावभर वाटले. भेट परत करणं तर त्याहून असभ्य! लोकांनी ते निमूट घातले. तीन आठवडे घातल्यावर त्यांना ते पटायलाही लागलं. आधी भीड, मग सवय, मग भक्ती.

अर्लिसनं पिशवीतून भलंमोठं भांडं काढलं. हिरवी लिंबाची जेली, वर मार्शमॅलो. जेलीत तिनं आपल्या कामातला रंग कालवला होता. पाइप कुठून कुठे जातो ते शोधायचा, चिमूटभर टाकला तरी झगझगणारा.

“पास्टर, अर्धा तास कुणी नळ उघडायचा नाही. संडासाला पण कुणी जायचं नाही.”

चर्चच्या पास्टरांनी पाय आवळून मान डोलावली.

जेली यंत्रात गेली. घरघर झाली. आकडा उतरत उतरत शून्यावर. टाळ्या.

“टॅनर, बाळा,” अर्लिस म्हणाली, “गेलं कुठं?”

जेवणाऱ्यांचे चमचे थांबले. पास्टर लाजेनं लाल झाले. “अगं अर्लिस! असं विचारतात का कुणी?”

“मोकळं झालं,” टॅनर छताकडे बोट करून म्हणाला. “वर.”

“वर काय? बरं. चला, जरा खाली बघू.”

रस्त्यावर येऊन तिनं पहार घातली आणि गटाराचं झाकण उचकटलं. खाली सिग्नलच्या दिव्यासारखा हिरवागार ओहोळ वाहत होता. कडेला मार्शमॅलोचे तुकडे बदकाच्या पिल्लांसारखे डुलत होते.

“हे...” टॅनर म्हणाला, “हा निरोपाचा पुढचा टप्पा आहे.”

“पुढचा टप्पा मी आहे, बाळा. तुझ्या पेटीत पाती आहेत नि गरम पाणी. तू आमचं उष्टं दळतोस आणि माझ्या गुरांच्या घशात कोंबतोस.”

एल्डननं वाकून पाहिलं, गुडघा धरला आणि कण्हला. “वेगळंच आहे हं.”

या वेळी टॅनरलाही अर्थ कळला.

संध्याकाळी मतं पडली. नलगटला शून्य. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं दिसलं नसतं.

जगात कुठलीच वस्तू नाहीशी होत नाही. ती दुसरीकडे जाते, आणि तिथेही कुणीतरी राहत असतं. कुणी शून्य दाखवलं, तर घटकाभर असभ्य व्हा. “गेलं कुठं?” एवढंच विचारा, आणि उत्तर वर बोट करून मिळालं तर खाली बघा.

यंत्र आलं त्या दिवशी त्याचा पाइप गटाराला मर्लनंच जोडला होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं.