चॅसिसवरचे दोन नंबर

मी एक नक्कल बोलतेय. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी तुमच्या कानात कुजबुजायला नको. साठ वर्षांपूर्वी शर्यती गाजवणाऱ्या एका परदेशी गाडीची मी हुबेहूब प्रतिकृती आहे. दोन सीट, लांब नाक, गडद हिरवा रंग, छप्पर नाही. मला कारखान्यानं जन्म दिला नाही. एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एकाच माणसाच्या हातून, अकरा वर्षांत मी झाले.

तो माणूस पंपांच्या कारखान्यात फिटर होता. कामावरून आला की चहाचा कप घेऊनच शेडमध्ये शिरायचा. पुस्तकातल्या फोटोंवर पट्टी ठेवून मापं काढायचा, ती पटीत वाढवायचा आणि लोखंडी नळ्या कापायचा. नळी अर्ध्या मिलिमीटरनं चुकली तरी बाजूला. फेकायचा मात्र नाही, कोपऱ्यात उभी करून ठेवायचा. फिटर माणूस काहीच फेकत नाही.

माझं अंग फायबरचं. त्याचा उग्र वास पहिल्यांदा घरभर पसरला तेव्हा फिटरची बायको शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

"सवत आणली ती आणली, तीही प्लॅस्टिकची?"

"फायबर आहे ते," फिटर मान वर न करता म्हणाला.

"असं होय. मग तिलाच सांगा जेवायला वाढायला."

इंजिन मला एका अपघातात चेपलेल्या साध्या घरगुती गाडीतून मिळालं. त्याला पेट्रोल मोजून देणारी स्वतःची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती. फिटरनं ती काढून खोक्यात भरली आणि तिच्या जागी दोन जुने कार्बोरेटर बसवले, कारण मूळ गाडीला तेच होते. बॉनेट उघडलं की ते आरशासारखे चमकायचे. मीही त्यांच्यावर खूश होते, खोटं कशाला बोलू.

मग फिटरच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मी ताडपत्रीखाली गेले. चार वर्षं. "उद्या बघू" या दोन शब्दांनी जेवढा गंज चढतो तेवढा पाण्यानं चढत नाही.

ताडपत्री ओढली ती त्याच्या लेकीनं. ती रसायनशास्त्र शिकलेली, हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. शाळांच्या फाटकांवर यंत्रं लावायची आणि त्यातले गोल पांढरे कागद किती काळे झाले ते मोजायचं, हा तिचा रोजचा उद्योग. त्या दिवशी तिच्या हातात वर्तमानपत्र होतं. घरी बांधलेल्या गाड्यांची नोंदणी तीस तारखेनंतर कायमची बंद होणार होती. त्याआधी धुराची तपासणी आणि नोंदणी दोन्ही झाल्या तर मी रस्त्यावर, नाहीतर काचेआड. एका फर्निचरवाल्यानं मला दुकानात मांडायला मागितलंच होतं. माझ्या सीटवर तो उशा रचणार होता.

"बाबा, उठा. सतरा दिवस आहेत."

"अगं, माझे गुडघे—"

"गुडघ्यांची नोंदणी नाही करायची आपल्याला."

चार दिवसांनी मला टेम्पोवर चढवून धूर तपासणी केंद्रात नेलं. तिथल्या माणसानं माझ्या सायलेन्सरच्या नळीत सळई घातली, पडद्याकडे पाहिलं आणि सळई नीट बसलीय ना ते पुन्हा तपासलं.

"कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा अर्धा टक्का. तुमचा आलाय सव्वाचार. काका, ही गाडी आहे का वीटभट्टी?"

"या गाड्या अशाच असतात," फिटर म्हणाला. "मूळ गाडीला कुणी कधी विचारलं नाही."

"मूळ गाडी माझ्यासमोर नाही ना. इंजिन ज्या वर्षाचं, नियम त्या वर्षाचा. नापास."

घरी येईपर्यंत फिटरनं नियम करणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यांनी जन्मात कधी पाना धरला नाही, कागदं रंगवणाऱ्यांना काय कळतंय, वगैरे. शेडमध्ये लेकीनं मला सुरू केलं, आपल्या पिशवीतला एक गोल पांढरा कागद चिमट्यात धरला आणि माझ्या नळीसमोर मिनिटभर ठेवला. मग तो आत नेऊन बापाच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"शाळेच्या फाटकावर आठ तासांत कागद एवढा काळा होतो. आपल्या गाडीनं एका मिनिटात केला. आणि हा नुसता दिसणारा भाग झाला. बाबा, नियम चुकीचा नाही, आपला धूर चुकीचा आहे."

मला ताडपत्री ओढून घ्यावीशी वाटली. तोवर माझी समजूत अशी, की आपण देखण्या आहोत म्हणजे झालं.

उपाय लेकीला ठाऊक होता. कार्बोरेटर काढायचे, इंजिनाची खोक्यातली यंत्रणा पुन्हा बसवायची आणि धुराच्या वाटेवर कन्व्हर्टर जोडायचा. कन्व्हर्टर म्हणजे विषारी धूर आतल्या आत निवळणारा एक डबा.

"मूळ गाडीला नव्हता," फिटर म्हणाला.

"मूळ गाडीला तुम्हीही नव्हता."

हे त्याला लागलं. दोन दिवस तो शेडकडे फिरकला नाही. लेक रजा काढून एकटीच खोक्यातल्या तारा सोडवत बसली. एकेका तारेला चिठ्ठी होती, फिटरच्या अक्षरात. तिसऱ्या दिवशी तिनं कन्व्हर्टर वेल्ड करायला घेतला. चांगल्या वेल्डिंगचा आवाज कढईत तळण सोडल्यासारखा सलग येतो. हिचा फट फट फुटत होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत फिटरचा चेहरा दिसला, नाहीसा झाला, पुन्हा दिसला. मग चपलांचा आवाज आला.

"हो बाजूला. भोकं पाडतेस."

"मग तुम्ही करा."

"करतोच आहे. मास्क दे."

आतून बायकोचा आवाज आला, "गुडघे बरे झाले वाटतं?" फिटरनं मास्क तोंडावर ओढला. त्यानं लेकीची सगळी वेल्डिंग घासून काढली आणि नव्यानं केली. संध्याकाळी कार्बोरेटर सोडवले, मऊ कापडात गुंडाळले आणि रिकाम्या झालेल्या खोक्यात ठेवले. खोकं बंद करण्याआधी कापड पुन्हा एकदा उघडून बघितलं.

तारांचा घोळ निस्तरायला आणखी आठवडा गेला. अठ्ठावीस तारखेला त्याच केंद्रात तीच सळई. आकडा आला शून्य पूर्णांक एक दशांश.

"वीटभट्टी बंद केलीत का?" तपासणारा म्हणाला.

"सुधारली," लेक म्हणाली आणि दाखला जवळजवळ त्याच्या हातातून ओढूनच घेतला.

एकोणतीसला नोंदणी कार्यालय. तिथल्या अधिकारी बाईंनी चटई अंथरली आणि विजेरी घेऊन सरळ माझ्याखाली शिरल्या. ब्रेक, दिवे, पट्टे, सगळं पाहिलं. चॅसिसवर ठोकलेला नंबर उतरवून घेतला आणि टेबलावरच्या संगणकात घातला. मग तोच नंबर पुन्हा एकदा घालून पाहिला.

"हा नंबर कुणी मारला?"

फिटरची छाती फुगली. "मीच. त्या वळणाचे शिक्के बाजारात मिळत नाहीत, मॅडम. कानशीनं घासून एकेक केलाय. मूळ गाडीचाच नंबर आहे तो, आकडान् आकडा."

"मूळ गाडी समुद्रापलीकडच्या एका संग्रहालयात आहे. आजही नोंदलेली. तिचा नंबर तुम्ही या गाडीवर मारलात, आणि हे तुम्हीच मला सांगताय."

"तुम्ही विचारलंत म्हणून. तो सातचा आकडा जवळून बघा, मधे आडवी काडी आहे—"

"बाबा," लेक म्हणाली, "आता गप्प बसा."

"दुसऱ्या गाडीचा नंबर मारणं म्हणजे बनावटगिरी," अधिकारी बाई शांतपणे म्हणाल्या. "अशी गाडी आम्ही जप्त करतो."

फिटरचा चेहरा पडला. त्याच्या स्वप्नातही हे आलं नव्हतं. मापं, रंग, स्क्रूची टोकं, सगळं जसंच्या तसं उतरवता उतरवता त्यानं नंबरही उतरवला होता, प्रेमानं, भिंग लावून. आणि मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं, की इतकी वर्षं मी दुसरीचं नाव लावून मिरवत होते.

लेक रडली नाही, हातापाया पडली नाही. "मॅडम, जप्त करायचा नियम आहे, तसा चूक दुरुस्त करायचाही असेल. तो दाखवा."

बाईंनी जाडजूड पुस्तक काढलं. नियम होता. गाडी सांगाड्यापासून घरीच बांधल्याचा पुरावा द्यायचा. जुना नंबर खरवडायचा नाही, वाचता येईल अशी त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि कार्यालय देईल तो नवा नंबर अधिकाऱ्यासमोर ठोकायचा.

"पण उद्या बाराच्या आत," त्या म्हणाल्या. "बारानंतर संगणकच अर्ज घेणार नाही."

पुरावा कुठून आणायचा? फिटरनं कशाची पावती जपली नव्हती. माझ्या सुट्या भागांना त्यानं जन्मदाखला दिला नव्हता. घरात शोधाशोध सुरू झाली तेव्हा बायकोनं कपाटातून एक अल्बम काढून टेबलावर आपटला.

"पोरीच्या वाढदिवसाचे फोटो. दर वर्षी शेडमध्येच काढावे लागले. बाप सापडायचा तिथंच ना."

दुसऱ्या दिवशी अल्बम घेऊन ती स्वतः कार्यालयात आली. पहिल्या फोटोत नऊ वर्षांची मुलगी नुसत्या नळ्यांच्या सांगाड्यात बसलेली, आणि मागे बाप, हातात करवत. पुढच्यात दहा वर्षांची, हातात स्टिअरिंग, ते अजून कशालाच जोडलेलं नाही. असे अकरा फोटो. मुलगी वाढत होती, मीही वाढत होते.

"म्हणजे गाडी चोरीची नाही," अधिकारी बाई म्हणाल्या.

"चोरीची नाही हो, चोर आहे. अकरा वर्षं माझा नवरा पळवला हिनं. तक्रार लिहून घ्यायची तर ती घ्या."

बाईंनी ओठ घट्ट दाबले आणि शिक्का उचलला.

उरलं होतं रेघेचं काम. फिटर छिन्नी-हातोडी घेऊन माझ्याशेजारी बसला. छिन्नी त्या नंबरावर टेकवली आणि हात थांबला. भिंतीवर अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. लेक घड्याळाकडे बघत होती, बापाकडे बघत होती. हे त्यानंच करायला हवं होतं. मला उशा दिसू लागल्या.

"एकदा रेघ मारली की ही ती गाडी राहणार नाही," तो म्हणाला.

"ही ती कधी नव्हतीच, काका," अधिकारी बाई म्हणाल्या. "ही कोणती, ते ठरवा."

त्यानं श्वास घेतला आणि हातोडी हाणली. रेघ सरळ आली, अर्ध्या मिलिमीटरचीही चूक नाही. मग त्यानं खाली नवा नंबर ठोकला, आपल्याच शिक्क्यांनी. नव्या नंबरात एकही सात नव्हता, तेवढं त्यानं एकदा बघून घेतलं. प्रत्येक घाव माझ्या पार मागच्या दिव्यांपर्यंत पोचला. दुखलं. पण तो घाव माझा होता.

"निर्माता?" अर्ज भरता भरता बाईंनी विचारलं.

सवयीनं त्या परदेशी कंपनीचं नाव फिटरच्या ओठांवर आलं होतं. त्यानं तोंड मिटलं, शर्ट सारखा केला आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. बाईंनी ते टंकलं. बाराला वीस मिनिटं कमी होती.

आज मी रस्त्यावर आहे. सकाळी लेक तिची यंत्रं घेऊन मला शाळाशाळांच्या फाटकांवर नेते. कधी कुणी हौशी माणूस थांबतो, बॉनेट उघडायला लावतो आणि हळहळतो, "अरेरे, कार्बोरेटर नाहीत." फिटर पूर्वी चिडायचा. आता त्या माणसाचा दंड धरून त्याला माझ्यामागे नेतो आणि म्हणतो, "इथं उभे राहा. घ्या श्वास."

तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. नियमाला शिव्या घालण्याआधी एकदा आपल्याच गाडीमागे मिनिटभर उभे राहा. उभं राहवलं नाही, तर पाना उचला आणि कामाला लागा. जुनं इंजिन सुधारतं. जुना माणूसही सुधारतो, थोडा कुरकुरतो इतकंच.

माझी तपासणी दर वर्षी आहे आणि मी दर वर्षी जाणार आहे, रांग कितीही मोठी असो.

आता मात्र मला निघायला हवं. फिटरची बायको पर्स काखेत मारून आलीय आणि लेकीच्या शेजारच्या सीटवर बसलीय. फिटर शर्टाची बटणं लावत धावत येतोय.

"अहो, दोनच सीट केल्यात तुम्ही," ती त्याला सांगतेय. "फाटक लावून घ्या."

येते मी.