बोर्डाच्या कडेबाहेरचं लाल

माझ्या मुलीचं, आकांक्षाचं, लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. माझा धाकटा भाऊ भुजंग, त्याचा मुलगा सुमित. जालन्याच्या एका कारखान्यात तो सर्किट बोर्डाचे नकाशे काढायचा. केदारखेड्याच्या आमच्या विहिरीसाठी त्यानं एक बोर्ड केला. लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हायची, बापाची खेप वाचायची.

नकाशा नेहमीच्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर काढला होता. त्यात चूक निघाली नाही. पुढे कारखान्यात एक महागडं सॉफ्टवेअर वापरून बघायला आलं. दोन्हींतला फरक पाहायचं काम सुमितकडे होतं. त्यानं आपल्या विहिरीचाच नकाशा त्यात टाकला.

दिवाळीला ओट्यावर लॅपटॉप उघडून बसला.

"हे साधं. रेषेला रेष लागली का, एवढंच बघतं. हे महागाचं नकाशात वीज सोडून बघतं, मोठे बाबा. जिथं तापतं तिथं लाल करतं."

बोर्डावर लाल कुठेच नव्हतं. लाल होतं बोर्डाच्या बाहेर, मोकळ्या काळ्या जागेत. एका कडेला एक ठिपका, समोरच्या कडेला चार.

"कोणी बोर्ड हातात धरल्यावाणी दिसतंय," मी म्हणालो.

"तिथं काहीच न्हाई. तांबं न्हाई, तार न्हाई. रेषा हलवल्या तरी तिथंच येऊन राह्यलं."

भुजंग हसला. "श्रीमंताघरची सून हाय ती. जिथं तिथं खोट काढणार. आपली गरिबाची बरी, गप काम करती."

नंदाबाईला, सुमितच्या आईला, ते बघवेना. "पुस रे ते."

त्यानं पुसलं. आम्ही चहा घेईपर्यंत लाल परत आलं होतं. कुणी लॅपटॉपला हात लावला नव्हता.

"आबा, तुम्ही विहिरीवरच्या त्या स्टार्टरच्या डब्याला हात लावू नका," सुमित बापाला म्हणाला. "मी दुसरा बोर्ड आणतो, मंग बघू."

"अरे, बराबर चालू राह्यलं ना!"

"चालू द्या. पण तुम्ही हात लावू नका."

आमच्याकडे स्टार्टरच्या डब्यात हात घालताना कोणी फ्यूज काढत नाही. लाईटची पाळी पाठ असते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीत दिवसा तारा मेलेल्याच धरतात. पाळी सोमवारी बदलते.

सुमित नवा बोर्ड घेऊन आला तो सोमवारीच. जालन्यात राहणारा, त्याच्या डोक्यात आधल्या आठवड्याची, रात्रीची पाळी होती. बाप मधे पडायच्या आत काम उरकावं म्हणून घरी न येता थेट विहिरीवर गेला. मी बांधावरून पाहिलं, डबा उघडा होता आणि तो वाकून जुना बोर्ड ओढत होता. मी हाक मारली, "सुमित, आज दिवसाची पाळी हाय!"

त्यानं मान वर केली. तेवढ्यात लाईट आली.

माझा पुतण्या सुमित दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी विहिरीवर शॉक लागून वारला.