फोटोतल्या बाईचा शब्द

पानावर लाल पाटी लावली, असं भाचा शपथेवर सांगत होता, आणि आत्याच्या फोनवर फोटोतली आत्या अजून हसतच होती.

हात वर केलेला, केस काळेभोर, गालावरचा वांग पुसून टाकलेला. खाली ठसठशीत अक्षरात तिचंच वाक्य: ‘या डब्यात शेंगदाण्याचा कणसुद्धा नाही. शब्द माझा.’ बिस्किटाच्या प्रत्येक डब्यावर जी काळ्या ठिपक्यांची चौकट छापलेली होती, ती फोनला दाखवली की हेच पान उघडायचं. ज्यांच्या घरात शेंगदाण्यानं घसा सुजून श्वास अडकणारं पोर आहे, अशी माणसं डबा उघडण्याआधी ते बघत, आणि मग निर्धास्त होत.

“लाल पाटी लावलीस ना? मग ही बया का हसतेय?” आत्यानं फोन भाच्याच्या नाकासमोर धरला.

“तुझा फोन जुनं दाखवतोय, आत्या. माझ्याकडे बघ, लाल आहे.”

त्याच्याकडे खरंच लाल होतं. ‘हा डबा कुणालाही देऊ नका.’ एकच पान, दोन फोन, दोन तोंडं.

झालं होतं ते असं. आत्याच्या बिस्किटांच्या कारखान्यात दोन शेड. एकीत शेंगदाणा चालतो, दुसरीत त्याचं नावही काढायचं नाही. या शेडमधून त्या शेडमध्ये जायचं तर एप्रन बदला, चपला बदला, कोपरापर्यंत हात धुवा. आत्यानं स्वतः घातलेला नियम, स्वतःच्या लेकीलासुद्धा माफ नव्हता. पण काल बिनशेंगदाण्याच्या शेडमधलं पीठ मळायचं भांडं तडकलं, आणि जावयानं पलीकडचं उचलून आणलं. “चांगलं दोनदा धुतलं होतं की,” तो आज सकाळी म्हणाला. धुतलं होतं, पण पातं काढलं नव्हतं. पात्याच्या खाली दाण्याचं कूट चिकटलेलं आत्यानं बोटानं काढलं तेव्हा जावई खाली बघत उभा होता. त्याला बोलायलाही तिला सवड नव्हती. माल बहुतेक गोदामातच होता. काही डबे काउंटरवरून विकले गेले होते, आणि एक पेटी पलीकडच्या गल्लीतल्या बालवाडीत पोचली होती. तिथं शेंगदाणा न चालणारी एक चिमणी पोर होती, तिच्यासाठीच बालवाडीच्या बाई हे डबे घ्यायच्या.

“फोन जुनं का दाखवतो?”

“दरवेळी पान लांबून आणायला वेळ लागतो ना. म्हणून फोन त्याची एक नक्कल पोटात ठेवतो. मागितलं की पोटातलीच काढून देतो. त्याला कॅश म्हणतात.”

“म्हणजे शिळं वाढतो.”

“तसंच समज. मधे आपल्या साइटच्या यंत्रातही एक साठा असतो. तो मी रिकामा केला. लोकांच्या फोनमधला मला इथून नाही रिकामा करता येत.”

“किती दिवस शिळं वाढणार?”

भाच्यानं दाढी खाजवली. “महिनाभर. तसं मीच सांगून ठेवलंय. तूच म्हणाली होतीस, पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं होतं. तेव्हा लवकर उघडावं म्हणून…”

“माझ्याच तोंडानं सांगितलं मी,” आत्या हळूच म्हणाली. मग बालवाडीला फोन लावला. उचलला तिथल्या मदतनीस बाईनं, मागं पोरांचा गलका.

“बिस्किटं देऊ नका. डब्यात गडबड आहे.”

“बघितलंय आम्ही पान. ठीक म्हणतंय. आता डबा खायची वेळ आहे, नंतर करा.” फोन बंद. परत लावला तर वाजत राहिला.

आत्या उठली. पिठाचे हात तसेच, पायात शेडमधल्या रबरी चपला. भाचा मागून ओरडला, गाडी काढतो म्हणून. “तुझी गाडी वळवेस्तोवर मी पोचेन,” म्हणत ती रस्ता ओलांडून गेली. गुडघे दुखत होते. दुखू देत. फोटोतल्या बाईला गुडघे नव्हते, तीच बरी.

बालवाडीच्या फाटकाची कडी आतून लावलेली. तिनं हात घालून काढली. अंगणात पोरं गोल बसलेली, मधे ताट, ताटात तिचीच बिस्किटं, कडेला दातेरी नक्षी. आत्यानं ताट उचललं.

बालवाडीच्या बाई धावत आल्या. “अहो, कोण तुम्ही? ठेवा ते खाली.”

“यात शेंगदाणा आहे. शेंगदाण्याची पोर कुठंय तुमची?”

“शेंगदाणा नाही यात. हे बघा.” बाईंनी फोन पुढं केला. आत्याच हसत होती. “कारखान्याच्या मालकीणबाईंनी स्वतः सांगितलंय.”

“मीच ती मालकीण.”

बाईंनी फोटो बघितला, मग तिच्याकडे बघितलं. पांढरे केस, पीठ, वांग, धाप. “मावशी, पाणी देते तुम्हाला. बसा जरा.”

आत्यानं आयुष्यात कुणापुढं हात जोडले नव्हते. सासऱ्यापुढं नाही, बँकेपुढं नाही. आता ताट काखेत धरून तिनं पिठाचे हात जोडले. “बाई, ती हसणारी खोटं बोलतेय. माझं ऐका. पोर कुठंय सांगा.”

तेवढ्यात भाचा फाटकातून आत शिरला. “बाई, पान खाली ओढून बघा.”

“ओढलं. तेच आहे.”

“मग फोनच्या सेटिंगमध्ये जा. साठवलेलं साफ करा.”

“माझ्या मुलांचे फोटो जातील.”

“नाही जाणार. नुसत्या पानांच्या नकला जातात. दाबा ना.”

बाईंचं बोट अधांतरी राहिलं. आत्या थांबली नाही. तिला झोपाळ्याच्या खांबाआड एक लाल रिबीन दिसली. चिमणी एकटीच उकिडवी बसली होती, मूठ तोंडाशी. आत्यानं मूठ उघडली. अर्धं बिस्कीट. ओठ फुगायला लागले होते, छातीतून शिट्टीसारखा आवाज.

“सुई,” आत्या म्हणाली. “तिची सुई आणा.”

मागं बाईंच्या हातातलं पान एकदाचं लाल झालं. त्यांनी ते वाचलं, फोन तिथंच टाकला आणि कपाटाकडे पळाल्या. असा श्वास अडकला की टोचायची औषधाची सुई त्यांनी पोरीच्या मांडीत टोचली. आत्यानं तिचा पाय घट्ट धरून ठेवला. भाच्यानं रुग्णवाहिका बोलावली. शिट्टी बारीक झाली, श्वासच थांबला की काय असं वाटलं, आणि मग चिमणी भोकाड पसरून रडली. आत्यानं कपाळ खांबाला टेकलं.

रुग्णवाहिका पोरीला आणि बाईंना घेऊन गेली. जाताना बाई काही बोलल्या असत्या तर आत्यानं ऐकून घेतलं असतं.

“त्या पानावरून माझा फोटो काढून टाक,” ती भाच्याला म्हणाली.

“टाकलाय काढून. पण ज्यांनी या महिन्यात बघितलाय, त्यांच्याकडे तू हसत राहशील.”

“काउंटरवरून कोण कोण घेऊन गेलं?”

“काय माहीत? गल्लीतलीच माणसं असणार.”

“जावयाला म्हणावं पलीकडची गल्ली घे. पाय दुखले तर दुखू देत त्याचे. तू नाक्यावरची दुकानं बघ.”

आत्यानं पदरानं तोंड पुसलं, तसं पीठ आणखीच पसरलं. पहिल्याच दाराची कडी वाजवली. एका तरुण बाईनं दार किलकिलं केलं. तिच्या मागं टेबलावर डबा होता, झाकण अजून लागलेलं. तिनं आत्याचं ऐकलं आणि खिशातून फोन काढला.

“तो नको बघू,” आत्या म्हणाली आणि दारात पाय घातला. “माझ्याकडे बघ.”